हात दाखवा, बस थांबेल. पण वारा सुटायच्या आधी! हरिकेनपूर्वीच्या मोफत बससेवेचं परीक्षण

न्यू ऑर्लिन्समध्ये फिरताना रस्त्याच्या कडेला मधूनच चौदा फूट उंचीचा स्टेनलेस स्टीलचा माणूस उभा दिसतो. नाक-डोळे नाहीत, नुसती आकृती आणि वर केलेला एक हात. मराठी माणसाला बघताक्षणी एसटीचं ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ आठवतं. गंमत म्हणजे अर्थ जवळपास तोच आहे. हरिकेन येतंय म्हणून शहर सोडायची सक्ती झाली की मोफत बस कुठे मिळेल, याची ती खूण. डग्लस कॉर्नफेल्ड या शिल्पकाराची ही शिल्पं २०१३ साली बसवली गेली. शहरात बस घ्यायला येते अशा एकूण १७ जागा ठरलेल्या आहेत आणि त्यांना ‘इव्हॅक्युस्पॉट’ म्हणतात.

अमेरिकेच्या आखाती आणि अटलांटिक किनाऱ्यावर अशी सेवा बऱ्याच शहरांत आहे, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. इथे तिघींची झडती घेतली आहे. एक न्यू ऑर्लिन्सची ‘सिटी असिस्टेड इव्हॅक्युएशन’, दुसरी फ्लोरिडात टॅम्पा बेच्या काठी असलेल्या पिनेलस काउंटीची पीएसटीए बस आणि तिसरी मायामी-डेड काउंटीची. हे वाचायचं कुणी? गाडी न घेतलेल्या विद्यार्थ्यांनी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनी आणि ज्यांच्या घरातली एकुलती गाडी वादळाच्या आठवड्यात नेमकी गॅरेजमध्ये असते अशांनी.

निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा खरी आहे, फुकट आहे आणि जीव वाचवते. पण तिचं घड्याळ टीव्हीवरच्या घड्याळाच्या एक दिवस पुढे चालतं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच चुकते.

वारा ताशी ६३ किलोमीटर झाला की बस नाही

बातम्यांत मोठ्या अक्षरांत येतं ते वादळ ‘धडकण्याची’ वेळ. आपल्याकडे निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी तीच वेळ होती. बससाठी ती वेळ निरुपयोगी आहे. बससेवा थांबते ती सलग वारा ताशी ३९ ते ४० मैल, म्हणजे साधारण ६३-६४ किलोमीटर झाला की. मायामी-डेडचा आकडा ३९ मैलांचा, पीएसटीएचा साधारण ४० चा. हा आकडा हवेतून आलेला नाही. शहरी बसची एक कड म्हणजे चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच अशी चाकांवरची भिंत. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग ४० वरून ६० मैलांवर गेला की रेटा सव्वादोन पट. रिकामी परतणारी बस भरलेल्या बसपेक्षा हलकी असल्यामुळे तिला धोका आणखी जास्त, आणि प्रत्येक बसला अर्धा प्रवास रिकामाच करायचा असतो.

पिनेलस हा तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला चिंचोळा भूभाग आहे. दक्षिणेकडचा सनशाइन स्कायवे पूलसुद्धा सलग वारा ४० मैलांच्या आसपास गेला की बंद होतो. म्हणजे बस आणि पूल साधारण एकाच वेळी मिटतात.

आता उलटी मोजणी करा. मिल्टन हे हरिकेन ९ ऑक्टोबर २०२४ ला, बुधवारी रात्री, सिएस्टा की या बेटावर धडकलं. ६३ किलोमीटरचे वारे केंद्राच्या कित्येक तास आधी पोचतात. वादळ आकाराने मोठं असेल तर बारा तास, कधी त्याहूनही आधी. त्याआधी शेवटची बस आगारात परतायला हवी आणि चालकाला आपल्या घरच्यांकडे पोचता यायला हवं. तोही त्याच शहरात राहतो, त्याचंही छप्पर आहे. हे सगळं वजा केलं की ‘बुधवारी रात्री धडकणाऱ्या’ वादळाची बस मंगळवारी पकडायची असते, हे लक्षात येतं. पिनेलसने मिल्टनसाठी किनारी पट्ट्यांना घर सोडायचा आदेश दिला तो सोमवारी. सोमवारी आदेश आणि बुधवारी वादळ, यांत हातात असलेला मंगळवार बरेच जण खिडक्यांना फळ्या ठोकण्यात घालवतात.

अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर एक नकाशा काढतं, तो या कामाला सगळ्यात उपयोगी. त्यावर ३९ मैलांचे वारे तुमच्या गावी लवकरात लवकर कधी पोचू शकतात आणि बहुधा कधी पोचतील, अशा दोन वेळा असतात. वादळाच्या मार्गाचा पांढरा शंकू सगळे बघतात, हा नकाशा फार कमी लोक. दोन वेळांपैकी आधीची घ्या आणि तिच्यातून किमान बारा तास वजा करा. तुमची बस त्याच्या आत सुटायला हवी. सविस्तर अंदाज दर सहा तासांनी येतो, पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता. ११ चा अंदाज बघून निर्णय घ्यायचा असं ठरवा, म्हणजे दर दहा मिनिटांनी फोन चाळणं थांबेल.

न्यू ऑर्लिन्स: आखणी सगळ्यात उत्तम, पण तिला तीन दिवस लागतात

या शहराने धडा फार महागात घेतला. कॅटरिना हरिकेनच्या वेळी २८ ऑगस्ट २००५ ला, रविवारी सकाळी, सक्तीचा आदेश निघाला आणि वादळ दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. शहरात एक लाखाच्या आसपास लोकांकडे गाडी नव्हती. शहराच्या बस त्या दिवशी धावल्या, पण लोकांना शहराबाहेर न नेता सुपरडोम स्टेडियममध्ये सोडत होत्या. त्या स्टेडियमचं छप्पर फाटलं, वीज गेली आणि वीस हजारांहून जास्त माणसं तिथे दिवसचे दिवस अडकली. शाळांच्या पिवळ्या बसच्या रांगा छपरापर्यंत पाण्यात बुडालेल्या, तो फोटो जगभर गेला. बस होत्या, पण चालक, हुकूम आणि वेळ यांची मोट कुणी बांधली नव्हती.

आजची आखणी अशी. सक्तीचा आदेश निघाला की इव्हॅक्युस्पॉटवर जायचं. तिथून शहराच्या आरटीए संस्थेची बस एका मध्यवर्ती ठिकाणी नेते. आधी ते रेल्वेचं युनियन पॅसेंजर टर्मिनल होतं, आता शहराच्या माहितीपत्रात स्मूदी किंग सेंटर या क्रीडागृहाचं नाव असतं. तिथे नोंदणी होते, मनगटाला पट्टी लागते आणि पुढे लांब पल्ल्याच्या बसने राज्यातल्या किंवा बाहेरच्या निवाऱ्यात रवानगी होते. वादळ ओसरल्यावर परत आणायची जबाबदारीही शहराचीच. हा शेवटचा भाग फार कमी शहरं लेखी देतात, म्हणून इथे पूर्ण गुण.

थांब्यांत लुई आर्मस्ट्राँग पार्क आहे, पामर पार्क आहे आणि पूर्वेकडच्या व्हिएतनामी वस्तीतलं मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम चर्चही आहे. वस्ती जिथे रोज जमते तिथेच थांबा ठेवल्यामुळे ‘तिकडे कसं जायचं’ हा प्रश्न कमी होतो. ‘इव्हॅक्युटीअर’ नावाची स्वयंसेवी संस्था या थांब्यांवर माणसं उभी करते आणि त्यांना आधीपासून तयार करते. थांब्यांची यादी अधूनमधून बदलते, तेव्हा दर जूनमध्ये एकदा शहराच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. एक चूक सर्रास होते. लोक रोजच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहतात. इव्हॅक्युएशनची बस तिथे येत नाही.

या योजनेची खरी परीक्षा २००८ साली गुस्ताव्हने घेतली. १ सप्टेंबरला वादळ आलं, त्याआधी सुमारे १८,००० लोकांना शहराने बस आणि रेल्वेने बाहेर काढलं. गणित करून बघा. एका शहरी बसमध्ये सामानासकट चाळीस माणसं धरली तर थांब्यापासून टर्मिनलपर्यंतच ४५० फेऱ्या, आणि पुढे पन्नास आसनांच्या मोठ्या बस धरल्या तर ३६०. काही लोक अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या गाडीने मेम्फिसला गेले, म्हणून बसवरचा भार थोडा हलका झाला. कॅटरिनाच्या तुलनेत हे मोठंच यश.

तरी दोन जागी शिवण उसवली. टर्मिनलवर प्रत्येकाचं नाव-गाव संगणकात घालून पट्टी द्यायची होती. एका माणसाला दोन मिनिटं धरा, म्हणजे एका टेबलावर तासाला तीस माणसं. समोर हजारोंची रांग आणि वर ऑगस्टचं ऊन. यंत्रणा मंदावली आणि शेवटी नोंदणी बाजूला ठेवून माणसं बसमध्ये बसवावी लागली. बस सुटल्या खऱ्या, पण कोण कुठे गेलं याचा पत्ता हरवला. दुसरी ओरड निवाऱ्यांची. श्रीव्हपोर्टला गोदामासारख्या इमारतीत उघडलेल्या निवाऱ्यात अंघोळीची सोय नव्हती. न्यू ऑर्लिन्स ते श्रीव्हपोर्ट हे सव्वापाचशे किलोमीटर, एरवी पाच तासांचं अंतर. सगळा किनारा रस्त्यावर उतरला की किती तास लागतील ते विचारू नका. एवढा प्रवास करून पोचायचं आणि अंग धुवायला पाणी नाही, मग ‘पुढच्या वेळी घरीच बसतो’ असं माणूस म्हणतोच. बससेवेची पत निवाऱ्यात ठरते, हे नियोजन करणाऱ्यांना गुस्ताव्हने शिकवलं.

मोठी मेख मात्र वेगळीच आहे. एवढी साखळी उभी करायला सुमारे ७२ तास लागतात. २०२१ साली आयडा २६ ऑगस्टला तयार झालं आणि २९ ला पोर्ट फोरशॉन इथे ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यांसह धडकलं. कसेबसे तीन दिवस. बांधांच्या आतल्या शहरासाठी सक्तीचा आदेश काढायला आणि महामार्गाच्या सगळ्या मार्गिका एकाच दिशेला वळवायला वेळ उरलेला नाही, असं तेव्हाच्या महापौर लाटोया कँट्रेल यांनी सांगितलं. सक्ती नाही म्हणजे वादळाआधीची बसही नाही. स्टीलचे ते हात वर करून उभे राहिले, गाडी आलीच नाही. बांध टिकले, हे नशीब. पण शहराला वीज पुरवणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या, उन्हाळ्यात वीज नाही, आणि मग वादळानंतर बस लावून लोकांना निवाऱ्यांत हलवावं लागलं.

म्हणून न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्याने दोन बेत ठेवावेत. वादळ कॅरिबियन समुद्रातून हळूहळू येत असेल तर शहराची बस. आखाताच्या तोंडाशीच तयार होऊन तीन दिवसांत येणार असेल तर त्या बसवर विसंबू नका. पहिल्याच दिवशी मित्राच्या गाडीत जागा धरा, किंवा नेहमीच्या तिकिटाच्या बसने बॅटन रूजच्याही पुढे निघा. तिकिटं चोवीस तासांत संपतात, रुमाल टाकून इथे काही होत नाही.

पिनेलस: साधी, रोजचीच बस, तेच तिचं बळ

पीएसटीएची पद्धत अगदी उलट. वेगळी योजना, वेगळं टर्मिनल, नोंदणी, काही नाही. घर सोडायचा आदेश निघाला की भाडं बंद, आणि निवाऱ्याला जायचंय असं चालकाला सांगितलं की झालं. नेहमीच्या मार्गांना उघडलेल्या निवाऱ्यांची जोड दिली जाते. एका दिवसाच्या सूचनेवरही ही सेवा उभी राहते, कारण चालक, बस आणि रस्ता रोजचेच असतात. न्यू ऑर्लिन्सला जी गोष्ट ७२ तासांत जमते, त्यातला पहिला तुकडा इथे लगेच जमतो.

पण तेवढाच. ही बस तुम्हाला काउंटीबाहेर नेत नाही. ती नेते जवळच्या उंचावरच्या, मजबूत बांधलेल्या शाळेत, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. फ्लोरिडाचं सूत्रच आहे की पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. वादळी लाटेने समुद्र आत घुसतो, त्या पट्ट्यांना ए ते ई अशी अक्षरं दिली आहेत. ए सगळ्यात सखल, त्याला आदेश सगळ्यात आधी. पट्टा ए मधून बाहेर पडायला शंभर मैल जावं लागत नाही, कधी कधी पाच-सात मैल पुरतात. हेलीन २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पिनेलसपासून कितीतरी दूर, फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात धडकलं. तरीही टॅम्पा बेमध्ये पाणी सहा फुटांहून जास्त चढलं आणि किनाऱ्यालगतच्या घरांत माणसं बुडाली. वादळ दुसरीकडे जाणार म्हणून घरी थांबलेल्यांना हे कळलं तेव्हा रस्त्यावर बस नव्हती.

इथे एक नोंद. पट्ट्याचं अक्षर आणि विम्याच्या कामाचं पूर-क्षेत्राचं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरमालकाने दिलेल्या भाडेकरारात ‘फ्लड झोन एक्स’ लिहिलंय म्हणून आपण सुरक्षित, असं समजून बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तो विम्याचा झोन. घर सोडायचा आदेश इव्हॅक्युएशन झोनवर निघतो, आणि काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की तो कळतो. फिरत्या घरात, म्हणजे मोबाइल होममध्ये राहत असाल तर पट्टा कुठलाही असो, आदेश तुम्हालाही लागू.

पीएसटीएची उणी बाजू सांगायची तर वेळापत्रक विस्कटतं. दहा मिनिटांची फेरी पाऊण तासाची होते, कारण सगळं गाव पेट्रोल पंपाच्या रांगेत उभं असतं. ‘सेवा अमुक वाजता बंद’ अशी घोषणा झाली तर ती आगाराची वेळ धरा, तुमच्या थांब्यावरची शेवटची बस तासभर आधीच गेलेली असू शकते. आणखी एक, सगळे निवारे प्रत्येक वादळात उघडत नाहीत. गेल्या वर्षीची शाळा यंदा बंद असू शकते. बसमध्ये चढण्यापूर्वी आजची यादी बघा.

मायामी-डेड, थोडक्यात

मायामीची सेवा या दोघींच्या मधली. सखल पट्ट्यांतून आधीच ठरवलेली बस पकडायची ठिकाणं आणि तिथून थेट निवारा. निवारे काउंटीतच. बस मुबलक, शहर मोठं, त्यामुळे फेऱ्या वारंवार. ३९ मैलांचा नियम कडक पाळतात. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की बाराव्या मजल्यावर लाट पोचणार नाही हे खरं असलं, तरी वीज गेली की लिफ्ट नाही, पाण्याचा पंप नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन अंधारात बारा मजले उतरण्यापेक्षा आदल्या दिवशीची बस बरी.

बसच्या आत

चाळीस फुटी बसमध्ये साधारण चाळीस आसनं. एरवी वर वीसेक माणसं उभी राहतात, पण इव्हॅक्युएशनच्या फेरीत प्रत्येकाबरोबर पिशवी, उशी, कुणाचं पोर, कुणाचं मांजर. बस चाळिसावरच भरते. मोठी चाकांची सूटकेस आणलीत तर दुसऱ्याची जागा खाता. माणशी एक पाठीवरची पिशवी आणि एक हातातली, त्यापेक्षा जास्त नको. मांडीवर मावेल तेवढंच सामान हे माप धरा.

चाकाच्या खुर्चीसाठी बहुतेक बसमध्ये दोनच जागा असतात. बस एका बाजूला झुकते, उतार बाहेर येतो, आसनं दुमडतात आणि खुर्ची चार पट्ट्यांनी जमिनीला जखडावी लागते. यात चालकाची तीन ते पाच मिनिटं जातात आणि त्याने घाई करू नये हेच बरं. थांब्यावर तिसरी खुर्ची असेल तर ती पुढच्या बसला. म्हणून घरात कुणी खुर्चीवर, ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर असेल तर साध्या थांब्यावर जायचंच नाही. फ्लोरिडात अशा लोकांची वेगळी नोंदणी असते. तिच्यात नाव असलं की घरी वाहन येतं आणि वीज असलेल्या वेगळ्या निवाऱ्यात जागा मिळते. सोबत एक काळजीवाहू माणूस लागतो. टेक्सासमध्ये २११ वर फोन करून अशी नोंद करता येते. हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. नाव मे महिन्यातच घाला, वादळ आखातात आल्यावर ही दारं बंद होतात.

हे काटेकोरपणे सांगण्याचं कारण आहे. २३ सप्टेंबर २००५ ला, रिटा वादळाआधी, ह्यूस्टनजवळच्या एका वृद्धाश्रमातल्या लोकांना उत्तरेकडे नेणाऱ्या बसला डॅलसच्या अलीकडे आग लागली आणि २३ वृद्ध दगावले. तपासात कारण निघालं ते मागच्या आसाच्या चाकाचं बेअरिंग. त्यात पुरेसं वंगण नव्हतं. ते तापलं, टायर पेटला, आणि आत प्रवाशांचे ऑक्सिजनचे नळकांडे होते. जे स्वतः चालून उतरू शकत नाहीत त्यांना बाहेर काढायला मिनिटं पुरली नाहीत. नीट देखभाल न झालेली बस वादळाच्या गर्दीत रस्त्यावर काढणं किती महाग पडतं, हे तिथे दिसलं. तेव्हा ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाला गर्दीच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये कोंबू नका.

जनावरांबद्दल थोडं. कॅटरिनात कित्येक जण कुत्र्याला सोडून जायला तयार नव्हते म्हणून मागे राहिले. त्यानंतर २००६ साली अमेरिकेत कायदाच झाला की सुटकेच्या आखणीत पाळीव प्राणी धरायचे. न्यू ऑर्लिन्सची बस प्राणी नेते. फ्लोरिडात प्राणी चालणारे निवारे वेगळे असतात, सगळे नाहीत. पिंजरा, लसीचा दाखला आणि त्याचं खाणं आपलं आपण न्यायचं. पिंजरा नसेल तर थांब्यावर वाद होतो, आणि तो वाद रांगेतल्या चाळीस जणांचा वेळ खातो.

निवाऱ्यातली जमीन

फ्लोरिडात वादळापुरत्या निवाऱ्यात माणशी वीस चौरस फूट जागा धरतात. पाच फूट बाय चार फूट. आपली सतरंजी उलगडली की पाय शेजाऱ्याच्या हद्दीत. खाट मिळेल असं धरू नका, शाळेच्या फरशीवर झोपायचंय. एक योगा मॅट, एक शाल आणि हवा भरायची उशी असली की पुष्कळ झालं. एसी जोरात असतो, दिवे रात्रभर चालू असतात. डोळ्यांवर बांधायला रुमाल आणि कानात घालायला कापूस न्या.

जेवण मिळतं, पण पहिलं ताट कधी येईल ते सांगता येत नाही, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा ब्रेडच येतो. शेगडी, स्टोव्ह काही चालत नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, असा तीन दिवस टिकणारा डबा घ्या. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरतात, पण तेवढं बसमध्ये उचलून नेणं शक्य नाही. भरलेली एक बाटली बरोबर ठेवा, उरलेलं निवाऱ्यात.

कागदपत्रं झिप-पिशवीत: पासपोर्ट, विद्यार्थ्यांचं आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने दिलेलं पत्र), आई-बाबांच्या प्रवासी विम्याची प्रत. औषधं दोन आठवड्यांची, मूळ डबीसकट. आई-बाबांना इंग्रजी फारसं येत नसेल तर त्यांच्या खिशात एक चिठ्ठी हवी: नाव, मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर, आजार, औषधं, आणि ‘मराठी आणि हिंदी बोलतो’ अशी एक ओळ. फोन बंद पडल्यावर या चिठ्ठीचं मोल कळतं. वादळात नेटवर्क अडखळतं तेव्हा फोनपेक्षा एसएमएस लवकर जातो. भारतातल्या सगळ्यांना एकेक फोन करत बसू नका. एका नातेवाइकाला एसएमएस करा, बाकीच्यांना तो सांगेल.

गुण

न्यू ऑर्लिन्सला आखणीचे पाचपैकी साडेचार आणि भरवशाचे तीन. पिनेलसला आखणीचे साडेतीन, भरवशाचे साडेचार. मायामी-डेड दोन्हीकडे चार. ‘जाऊन फुकट गेलं, काहीच झालं नाही’ या तक्रारीचे गुण आम्ही कापले नाहीत. २०२२ साली इयन टॅम्पाकडे येणार म्हणून लोक निघाले आणि वादळ दक्षिणेला ली काउंटीकडे वळलं. टॅम्पा बेचं पाणी उलट ओढलं गेलं आणि तळ उघडा पडला. वादळाचा मार्ग थोडा उत्तरेला सरकला असता तर तेच पाणी आत आलं असतं. बसला हे आधी कळत नाही, आणि हवामान खात्यालाही तीन दिवस आधी नेमकं कळत नाही.

परतीची एक बारीक गोष्ट, पण तिच्यावरून दरवेळी गोंधळ होतो. जिथे मनगटाला पट्टी बांधतात तिथे ती घरी पोचेपर्यंत कापू नका. भिजते, टोचते, लहान मुलं दातांनी ओढतात, तरी राहू द्या. परतीच्या बसची यादी त्या पट्टीवरून लागते. निवाऱ्यातून मध्येच मित्राच्या गाडीने निघालात तर टेबलावर सांगून आणि सही करून निघा. नाहीतर यादीत तुम्ही निवाऱ्यातच राहता आणि तुमचं नाव पुकारत एक बस दारात थांबून राहते.